एप्रिलअखेरच्या हिमालयात पहाटे निघणे पुरेसे आहे काय?

प्रश्न (बेळगाव)
बेळगाव आणि निपाणीचे आम्ही सहा जण एप्रिलअखेरीस मनालीजवळच्या ब्यासकुंड परिसरात जाणार आहोत. चोर्ल्याच्या जंगलातील भटकंती आमच्या सवयीची असली, तरी बर्फाचा अनुभव एकालाच आहे. हिमस्खलन टाळण्यासाठी पहाटे तीनला निघून दहाच्या आत परतावे, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. एवढी दक्षता पुरेशी आहे काय?

उत्तर (खानापूर)
नमस्कार. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालो असून माझी काही वर्षे बर्फात गेली आहेत. पहाटेचा नियम योग्य आहे, परंतु रात्री बर्फ गोठला असेल तरच तो उपयोगाचा. निरभ्र रात्री बर्फातील उष्णता आकाशाकडे निघून जाते आणि वरचा थर कडक होतो. आभाळ ढगाळ राहिले, तर पहाटे तीनलाही बर्फ ओलाच सापडतो. म्हणून तंबूबाहेर आल्यावर प्रथम पाय दाबून पाहावा, आणि तो घोट्याच्या वर रुतत असेल तर त्या दिवशी उताराकडे जाऊच नये. वितळलेले पाणी थरांत झिरपून कणांची पकड सोडवते. आषाढात आपल्या घाटातील दरड पाणी पिऊन सुटते, तसेच काहीसे. ऊन आधी पूर्वाभिमुख उतारांवर पडते, त्यामुळे आपण सावलीत चालत असतानाही डोक्यावरचा उतार तापलेला असू शकतो. 30 ते 45 अंशांच्या उतारांखाली थांबू नये, जेवायला तर मुळीच नाही. बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, की घड्याळात किती वाजले हे न पाहता मागे फिरावे.

उत्तर (निपाणी)
4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या मार्गावर हिमस्खलनात सात पर्यटकांचा मृत्यू झाला. तिथे कोणी शिखर चढत नव्हते. प्रत्येकाजवळ बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा कळवणारे संदेशयंत्र), शोधकाठी आणि फावडे हवेच, कारण गाडलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते आणि बाहेरची मदत तेवढ्या वेळात पोहोचत नाही. बीकन गवताच्या गंजीत लपवून शोधण्याचा सराव इथेच करावा. चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचा इशारा देते, तो रोज पाहावा.

प्रश्नकर्ता
आपला आभारी आहे. ढगाळ रात्रीचा विचार आम्ही केलाच नव्हता. आता दोन दिवस राखीव ठेवत आहोत, आणि सहांपैकी एकानेही नको म्हटले तरी सर्वांनी परतायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवून घेतो.