एडिंबरा फ्रिंजला नवं संगीत नाटक: ७० मिनिटांचा मसुदा, अकरा पदं, नऊ माणसं. काय आणि किती कापायचं?

पहिली_घंटा:

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या आमच्या हौशी संस्थेचं नवीन संगीत नाटक पुढच्या ऑगस्टमध्ये एडिंबरा फ्रिंजला, म्हणजे स्कॉटलंडमधल्या मोठ्या नाट्यमहोत्सवाला, न्यायचं ठरतंय. संहिता आणि चाली दोन्ही नवीन. पाच गाणारे नट, पेटी, तबला, कीबोर्ड आणि ध्वनी-प्रकाश सांभाळणारा एक, असे नऊ जण. नाटक मराठीतच, वर पडद्यावर इंग्रजी ओळी. मसुदा सध्या ७० मिनिटांचा आहे आणि त्यात अकरा पदं आहेत. एका आठवड्यात सहा प्रयोग करावेत असा विचार आहे.

विचारायचं हे: किती मिनिटांवर आणावं? जागा कशी ठरवायची? वाद्यं इथून न्यावीत का? आणि गल्ल्याचा अंदाज कसा बांधायचा? ज्यांना तिथल्या व्यवस्थेची नीट माहिती आहे त्यांनी कृपया आकड्यांसह लिहावं.

विंगेतला:

आधी घड्याळ समजून घ्या, बाकी सगळं त्यावरून ठरतं. तिथे एका खोलीत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत पाठोपाठ आठ-दहा प्रयोग लागतात. तुम्हाला मिळतो तो स्लॉट, म्हणजे त्यातला ठरलेला वेळ. करार करताना पहिला प्रश्न लेखी विचारा: मांडामांड आणि आवराआवर स्लॉटच्या आत धरली आहे की बाहेर? आत धरली असेल तर एका तासातली पाच मिनिटं वाद्यं लावायला, पाच प्रेक्षक आत घ्यायला आणि पाच सगळं उचलून बाहेर पडायला जातात. नाटकाला उरतात ४५. बाहेर धरली असेल तर ५० ते ५५. वेळ ओलांडली तर दिवे लावून प्रयोग थांबवतात, काही करारांत दंडाचं कलमही असतं. पुढची मंडळी दाराशी सामान घेऊन उभी असतात, त्यामुळे यात सवलत मिळत नाही.

४८ मिनिटं धरून लिहा. मग हिशोब असा: नांदी सव्वा मिनिट, सात पदं प्रत्येकी २ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे संगीत साधारण २० मिनिटं आणि गद्य २८. अकरा पदं तशीच ठेवून प्रत्येकाचा एकेक अंतरा काढू नका. सगळीच पदं अर्धवट वाटतात आणि गद्यही धापा टाकतं. एक अख्खं उपकथानक काढा, त्याच्याबरोबर त्याची तीन-चार पदं आपोआप जातील. राहिलेल्या पदांना मग श्वास मिळतो.

दुसरी गोष्ट गायकीची. आपल्याकडे गाणारा नट रंगला की दोन आवर्तनं जास्त घेतो, तबलजी हसून साथ देतो. तिथे प्रत्येक आलाप-तानेची जागा आवर्तनांत मोजून बांधा. मध्यलय त्रितालात मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक आवर्तन आठ सेकंदांचं, चार आवर्तनं म्हणजे ३२ सेकंद. सात पदांत प्रत्येकी चार आवर्तनं वाढली की पावणेचार मिनिटं गेली, आणि तेवढा शेवटचा प्रवेशच जातो. वन्स मोअर घ्यायचाच नाही हे आधीच ठरवा. टाळ्या थांबायची वाट न पाहता पुढचं वाक्य कोण उचलणार, तेही तालमीत बसवा.

सलग पाच तालमी घड्याळ लावून करा आणि प्रत्येक प्रवेशाची वेळ लिहून ठेवा. पाचांतली सर्वांत मोठी आणि सर्वांत छोटी वेळ यांत मिनिटापेक्षा जास्त फरक असेल तर नाटक अजून बसलेलं नाही. साधारण ३५व्या मिनिटाला एक कात्रीची खूण ठेवा: दोन मिनिटं उशीर असेल तर सहाव्या पदाचा अंतरा वगळायचा. ध्वनी-प्रकाशवाला पेटीवाल्याच्या पायाशी ठेवलेला छोटा दिवा लावून खूण करेल, बाकी कुणी मान वळवायची गरज नाही.

रंगीत तालमीला जागेत तीन-चार तास मिळाले तर भरपूर समजा. त्यात पूर्ण नाटक करायच्या मागे लागू नका, क्यू ते क्यू, म्हणजे दिवा किंवा आवाज बदलायच्या एका खुणेवरून थेट पुढच्या खुणेवर, उड्या मारत जा. प्रकाशाचा संच सगळ्या मंडळींत सामाईक असतो. सर्वसाधारण उजेड, दोन-तीन रंग आणि एखादा खास झोत, एवढ्यावर योजना करा. तीस क्यूच्या वर जाऊ नका. ध्वनीचे क्यू क्यूलॅब या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये घरूनच बांधून न्या.

नेपथ्य दोन माणसं एका फेरीत उचलतील एवढंच. सामान ठेवायला बहुधा कोपऱ्यातली एखादी चौरस मीटर जागा मिळते. वेशभूषेसाठी वेगळी खोली असेलच असं नाही, म्हणून नऊवारी शिवलेली घ्या. २०१७ साली केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी फ्रिंजला आणलेलं ‘सिक्स’ हे संगीतिकेच्या जगातलं मोठं नाव झालं. सहा गायिका आणि त्यांच्या मागे वादक, गाण्याच्या कार्यक्रमासारखी मांडणी. अशा स्लॉटला ती रचना किती चपखल बसते ते पाहा. संगीत नाटकातही वादक रंगमंचावर समोर बसवले तर जागा आणि वेळ दोन्ही वाचतात.

डग्गा_दायाँ:

वाद्यांचं सांगतो.

ऑर्गन विसरा. पेटी लंडन किंवा ग्लासगोकडच्या ओळखीतून तिथेच मिळवा. मात्र तबला तबलजीचा स्वतःचाच हवा. एडिंबऱ्याचा ऑगस्ट म्हणजे १२ ते १९ अंश आणि वारंवार पाऊस. बाहेरच्या दमट हवेत पुडीचा, म्हणजे तबल्यावरच्या कातड्याचा, सूर उतरतो, आत दिव्यांखाली चढतो. दाया, म्हणजे उजव्या हाताचा तबला, खोलीच्या तापमानाला यायला वीस मिनिटं लागतात आणि तुमच्याकडे मांडामांडीला आहेत पाच. त्यामुळे आधीचा प्रयोग चालू असताना आत, इमारतीतच कुठेतरी तबला उघडून ठेवायची परवानगी मागून ठेवा. गादीखालच्या गरम पिशव्या, हेअर ड्रायर वगैरे प्रयोग करू नका, पुडी ताणून फाटते.

स्वरांची आखणी चाली बांधतानाच करा. प्रत्येक पद वेगळ्या पट्टीत असेल तर हातोडीने तबला सुरात लावण्यातच प्रयोग जाईल. पुरुषांचा सा पेटीच्या काळी एकला आणि स्त्रियांचा काळी चारला ठेवला तर काळी एकला लावलेला एकच दाया पुरुषाला षड्जात आणि स्त्रीला मध्यमात चालतो. यमन किंवा मारव्यासारखा शुद्ध मध्यम नसलेला राग स्त्रीच्या पदात असेल तर हे जमणार नाही, त्या पदापुरता काळी चारचा दुसरा दाया शेजारी लावून ठेवा. कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग पेटीवर बसवा, उलट नाही. उसनी पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला असेलच असं नाही. पहिल्या दिवशी ट्यूनर लावून मोजा आणि तो आकडा कीबोर्डवर चिकटवून ठेवा.

साठ-सत्तर आसनांच्या खोलीत माइक नकोत. तिथे अडचण एकच येते, तबला आवाजावर चढतो. तबलजीला मागे, जाड सतरंजीवर बसवा आणि डग्ग्याची घुमारी हाताने आवरायला सांगा. शंभरच्या वर आसनं असतील आणि वायरलेस माइक हवेच असतील तर इथले भाड्याचे संच नेऊ नका. ६९४ ते ७९० मेगाहर्ट्झ हा पट्टा ब्रिटनमध्ये मोबाइलसाठी गेला आहे, तिथे वायरलेस माइक वापरणं बेकायदा आहे. ८६३ ते ८६५ ला परवाना लागत नाही, पण त्यात तीन-चार माइकच नीट मावतात. चॅनल ३८, म्हणजे ६०६.५ ते ६१३.५, ऑफकॉम या तिथल्या दूरसंचार नियामकाच्या परवान्यावर मिळतं. संच तिथेच भाड्याने घ्या.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा बॅटरीवर चालणारा न्या. भिंतीत खोचायच्या प्रत्येक वस्तूला तिथे पॅट चाचणीचं, म्हणजे विजेच्या सुरक्षिततेच्या तपासणीचं, लेबल मागतात, इथल्या अडॅप्टरला ते नसतं. फोनवरचा तानपुरा जागेच्या ध्वनिसंचाला जोडला तरी चालतं, फक्त फोन विमान मोडवर ठेवा.

गल्ला_मोजणारा:

जागा ठरवण्याबद्दल. महोत्सवाचं काम पाहणारी फ्रिंज सोसायटी कुणाचीच निवड करत नाही. १९४७ साली नव्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या वेळी आठ मंडळ्या निमंत्रणाशिवाय येऊन प्रयोग करून गेल्या, तेव्हापासून दार उघडं आहे. म्हणजे पटवायचं आहे ते जागेच्या चालकांना. प्लेझन्स, असेंब्ली, अंडरबेली, गिल्डेड बलून ही मोठी नावं बहुधा पूर्ण महिन्याचे प्रयोग पसंत करतात. आठवडाभराच्या मंडळींना द स्पेस किंवा ग्रीनसाइडसारख्या ठिकाणी विचारणं शहाणपणाचं. डिसेंबर-जानेवारीत अर्ज पाठवा. सोबत पूर्ण संहिता नको, दोन पदांचं साधं ध्वनिमुद्रण आणि एक प्रवेशाचा व्हिडिओ पुरे.

करार मुख्यतः दोन तऱ्हांचे: ठरावीक भाडं, किंवा गल्ल्यात वाटणी आणि त्याला किमान हमी. हमी म्हणजे गल्ला कमी पडला तरी तेवढी रक्कम तुम्ही भरायचीच. ती ओळ दोनदा वाचा.

हिशोब करून दाखवतो, आकडे उदाहरणादाखल. ६० आसनं, सवलती धरून सरासरी तिकीट ९ पौंड, तीस टक्के भरलं तर १८ प्रेक्षक, म्हणजे १६२ पौंड. तिकिटात २० टक्के व्हॅट (विक्रीवरचा कर) आत असेल तर तो काढून १३५. त्यात ६० टक्के तुमचे, म्हणजे ८१. सहा प्रयोगांचे ४८६ पौंड, त्यातून तिकीटविक्रीचं कमिशन वेगळं. कार्यक्रमपत्रिकेतली नोंदणी एवढ्यात कशीबशी निघेल, विमान आणि राहणं नाही. तेव्हा नाटक गल्ल्यावर फिटेल हे गृहीतच धरू नका. प्रायोजक, देणग्या आणि पुण्यातले दोन तिकीट लावलेले प्रयोग यांवर खर्च उभा करा. सर्वांत मोठा आकडा राहण्याचा असतो. नऊ जणांची जागा फेब्रुवारीच्या आत ठरवा. शहरात परवडलं नाही तर मसलबरासारखं बसच्या अंतरावरचं गाव बघा, पण रात्री उशिराचा स्लॉट असेल तर शेवटची बस आधी पाहून ठेवा.

पत्रिकेतल्या नोंदीला जेमतेम चाळीस शब्द मिळतात. त्यात ‘समृद्ध परंपरा’ वगैरे लिहू नका. गोष्ट काय आहे ते पहिल्या वाक्यात, गाणी जिवंत वाद्यांवर आहेत ते दुसऱ्यात, इंग्रजी ओळी वर दिसतील ते तिसऱ्यात. सहाच प्रयोग असतील तर समीक्षकांना तीन आठवडे आधी लिहा आणि पहिल्या दोन प्रयोगांनाच बोलवा. शेवटच्या दिवशी आलेल्या परीक्षणाने एकही तिकीट विकलं जात नाही. ‘द स्कॉट्समन’ हे वृत्तपत्र १९७३ पासून नव्या लेखनाला फ्रिंज फर्स्ट हा पुरस्कार देतं, तुमची संहिता नवीन असल्याने त्यांना जरूर कळवा.

रॉयल माइलवर, म्हणजे जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्यावर, पत्रकं वाटायला रोज दोन तास, चार माणसं. गाणाऱ्यांना तिथे गायला लावू नका, थंड वाऱ्यात संध्याकाळपर्यंत गळा बसतो. तबला-पेटीही तिथे काढू नका. झांजा आणि टाळ घेऊन जा.

पहिली_घंटा:

मनापासून आभार, मसुदा ४८ वर आणायला घेतो. तीन गोष्टी राहिल्या. दुसऱ्या प्रवेशात आरती आहे, खरी निरांजनं आणि धूप. ते चालेल का? पडद्यावरच्या इंग्रजी ओळी कशा कराव्यात? आणि व्हिसा कोणता?

विंगेतला:

खरी ज्योत आणि धूप दोन्ही काढून टाका. धुराने अलार्म वाजला तर फक्त तुमचा नाही, अख्ख्या इमारतीतले प्रयोग थांबतात आणि सगळे रस्त्यावर येतात. परवानगी मागता येते, पण धोक्याचा लेखी आराखडा, अग्निशामक घेऊन विंगेत उभा माणूस वगैरे अटी येतात. बॅटरीची ज्योत तबकात खोल ठेवून वर हाताची ओंजळ धरली तर दहा फुटांवरून खरी वाटते. मागच्या कापडी पडद्यालाही अग्निरोधक असल्याचं प्रमाणपत्र मागतील. पडद्यांचं तिथलं मानक बीएस ५८६७ आहे. पैठणीचा पडदा नेऊन दाराशी अडकण्यापेक्षा प्रमाणित काळं कापड तिथेच घ्या. गुलाल आणि फुलांच्या पाकळ्याही नकोत, पाच मिनिटांत झाडून होत नाहीत आणि पुढच्या मंडळींचा पाय घसरतो.

पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, प्रत्येकी पस्तीस-चाळीस अक्षरांच्या आत. गद्याचा सारांश द्या, शब्दशः नको. पदाचा मुखडा पहिल्यांदा येतो तेव्हाच त्याचा अर्थ दाखवा, पुन्हा येईल तेव्हा पडदा रिकामा ठेवा म्हणजे डोळे गाणाऱ्याकडे राहतात. विनोदाची ओळ नटाच्या तोंडून शब्द संपतानाच दिसली पाहिजे. आधी दिसली तर हशा वाक्यावर येऊन पडतो. ओळी ढकलणाऱ्याला मराठी नीट कळली पाहिजे. तिथल्या तंत्रज्ञावर हे काम सोपवू नका. तुमचा नववा माणूस प्रकाश, ध्वनी आणि ओळी तिन्ही एकटा सांभाळू शकणार नाही, त्यामुळे दहावा माणूस लागेल असं धरून चाला.

गल्ला_मोजणारा:

एडिंबरा फ्रिंज ब्रिटनच्या परमिट-फ्री फेस्टिव्हल यादीत आहे, म्हणून कलाकार स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर येऊन तिथे प्रयोग करू शकतात आणि त्या महोत्सवातलं मानधनही घेऊ शकतात. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो. म्हणजे मे महिन्यात जागेचा सही झालेला करार, महोत्सवातल्या नोंदीची प्रत आणि राहण्याची पावती हातात हवी. नऊ किंवा दहा जणांच्या अर्जांत प्रयोगांच्या तारखा आणि संस्थेचं नाव तंतोतंत सारखं लिहा.

वाद्यांसाठी फिक्की या उद्योग-संघटनेकडून एटीए कार्ने, म्हणजे वस्तू तात्पुरत्या परदेशी नेऊन परत आणायचा कस्टम्सचा कागद, काढता येतो. यादीत लिहिलेली प्रत्येक वस्तू परत आलीच पाहिजे आणि जाता-येता दोन्हीकडे शिक्के घ्यायला विसरू नका. दोनच दाये आणि एक डग्गा नेणार असाल तर निघताना मुंबईच्या विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेतलं तरी परतीला प्रश्न येत नाही. हस्तिदंत किंवा सांबरशिंग वापरलेलं जुनं वाद्य मात्र घरीच ठेवा.

निघण्याआधी पुण्यात तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, संहिता वेळेत जमा करा. लेखक, संगीतकार आणि संस्था यांच्यातला करार मार्चच्या आत कागदावर आणा: चालींचे हक्क कुणाचे, पुढे दुसऱ्या संस्थेने नाटक केलं तर कुणाला किती. एखाद्या पदात जुनी, दुसऱ्याची चाल घेतली असेल तर तिची परवानगी वेगळी. जागेचे चालक पीआरएस या संगीताच्या हक्कांच्या संस्थेच्या फॉर्मवर वापरलेल्या संगीताची यादी मागतील, त्यात प्रत्येक पद नवीन आहे की घेतलेलं ते मिनिट-सेकंदांसह भरायचं असतं.

लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. एडिंबऱ्याच्या आधी तिथे एक प्रयोग जमला तर बघा. इंग्रजी ओळींचा वेग मराठी न कळणाऱ्या चार-पाच माणसांसमोर तपासायला ती जागा उत्तम, आणि वेळापत्रकात त्यासाठी दोन दिवस मोकळे ठेवा.