मदत हवी आहे: सीपीयू ९५ अंशांवर, पण हीटसिंक जेमतेम कोमट

मंडळी, डेस्कटॉपच्या तापमानाचं कोडं सुटत नाहीये. काही काम नसताना सीपीयू (प्रोसेसर चिप) ५५ अंश सेल्सिअस दाखवतो. व्हिडिओ एक्स्पोर्ट लावला की क्षणात ९५, आणि क्लॉक स्पीड (चिपचा कामाचा वेग) धाडकन खाली. थांबवला की तितक्याच झटक्यात आकडा ६० वर.

खटकतंय ते वेगळंच. ९५ दिसत असताना हीटसिंकच्या, म्हणजे सीपीयूवरच्या कूलरच्या धातूच्या भागाच्या, पात्यांना बोट लावलं तर त्या जेमतेम कोमट, मागच्या पंख्यातून येणारी हवाही गारच. म्हणजे उष्णता वरपर्यंत पोचतच नसावी. सीपीयू आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) वाळली असेल, की कूलर एका बाजूने उचललेला असेल?

धूळ काढली, पंखे नीट फिरतात. केसचं झाकण काढूनही फारसा फरक नाही. मदरबोर्डचा एक सेन्सर कायम १२७ दाखवतो. तो जोडलेलाच नसावा असं धरून सोडून दिलाय. बरोबर ना?

पेस्ट बदलायची तयारी आहे, पण सॉकेट (सीपीयू बसतो ती खाच) एएमडीचं एएम४, यात पिना सीपीयूलाच असतात. वाळलेल्या पेस्टमुळे कूलरबरोबर सीपीयूही उपटून आला तर पिना वाकतील, याची खरी धास्ती वाटते. आधी मशीन तापवून, कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवणं पुरेसं ठरतं का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया नीट सांगा.