मदत हवी आहे: पॅरा बायथलॉनच्या शीटमध्ये दंडाचा मिनिट कुठे मिळवायचा?

मंडळी, हिवाळी पॅरालिम्पिकमधल्या पॅरा बायथलॉनचे (स्कीइंग आणि नेमबाजी मिळून होणारी शर्यत) निकाल मांडायला एक्सेल शीट केली आहे. उभे, बसून आणि दृष्टिबाधित असे तीन गट. अपंगत्वाच्या वर्गानुसार ठरलेल्या टक्क्याने प्रत्यक्ष वेळेला गुणायचं, इथवर सगळं ठीक.

स्प्रिंट या छोट्या शर्यतीत अडचण नाही. नेम चुकला की १५० मीटरची जादा फेरी, म्हणजे दंड घड्याळातच आला. घोळ इंडिव्हिज्युअल या लांब शर्यतीत आहे. चार वेळा पाच-पाच गोळ्या, लक्ष्याचं अंतर १० मीटर, प्रत्येक चुकीला सरळ एक मिनिट.

समजा वेळ ४० मिनिटं, टक्का ८६, दोन नेम चुकले. गुणून मग दंड मिळवला तर ३६:२४. आधी दंड मिळवून गुणलं तर ३६:०७.२. फरक १६.८ सेकंद, एवढ्यात पदक हातचं जातं! शिवाय दुसऱ्या पद्धतीत कमी टक्केवाल्याला चूक स्वस्त पडते, ते काही पटत नाही.

नियमात नेमका कुठला क्रम आहे? कलमासकट सांगितलंत तर उत्तम.

(एक्सेल ४०:०० म्हणजे चाळीस तास समजतं, ०:४०:०० असंच भरलंय, त्यामुळे चूक तिथे नाही.)