इग्रीजिअस : कौतुक की शेलका शेरा?

शंकेखोर : मंडळी, डोकं चक्रावलंय. परवा माझ्या रिपोर्टवर साहेबांनी 'इग्रीजिअस एरर' असा शेरा मारला, आणि त्याच दिवशी एका इटालियन माणसाचा ईमेल आला त्याची सुरुवातच 'एग्रेजो' आणि पुढे माझं आडनाव. डिक्शनरीत बघितलं तर अर्थ 'अतिशय वाईट', आणि खाली बारीक अक्षरात 'जुना अर्थ - नामांकित'. एकाच शब्दाचे असे दोन टोकाचे अर्थ कसे काय?

मूळशोध्या : शब्द लॅटिन आहे. 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'ग्रेक्स' म्हणजे कळप. कळपातून उठून दिसणारा तो 'एग्रेगिउस'. सेग्रिगेट, काँग्रिगेशन, ग्रिगेरिअस ही सगळी त्याच कळपातली. इंग्रजीत 16व्या शतकात आला तो चांगल्याच अर्थाने, पण त्याच शतकात वाईट अर्थही चिकटला. इटालियनमध्ये मात्र पत्राच्या मायन्यात अजून मान टिकून आहे, त्यामुळे ईमेलवाल्यावर चिडू नका.

आगाऊ : वाईट अर्थ बहुतेक टोमण्यातून आला असं म्हणतात. आपल्याकडे 'प्रताप' बघा की. 'आज काय प्रताप केलेस?' असं कुणी विचारलं तर छाती फुगते का कुणाची, आधी काय फुटलंय ते आठवतो आपण!!

मूळशोध्या : @आगाऊ बरोबर, पण एक फरक आहे. प्रतापचा सरळ अर्थ अजून जिवंत आहे, लोक मुलांची नावं ठेवतात. इग्रीजिअसचा चांगला अर्थ इंग्रजीतून गेलाच.

नाटकवेडी : थोडी भर घालते. इंग्रज नाटककार मार्लोच्या 'टँबरलेन' नाटकाच्या दुसऱ्या भागात (छापलं 1590 मध्ये) एक राजा आपल्या सरदारांना इग्रीजिअस म्हणतो ते मानाने, आणि साधारण 20 वर्षांनी शेक्सपिअरच्या 'सिंबेलिन'मध्ये पोस्थ्युमस पश्चात्तापाने स्वतःलाच शिव्या घालतो तेव्हा खुनी या शब्दाच्या आधी हेच विशेषण लावतो. म्हणजे दोन्ही अर्थ बराच काळ शेजारी शेजारी नांदत होते, ऐकणाऱ्याने संदर्भावरून काय ते समजायचं.

शंकेखोर : भारी! म्हणजे साहेबांना सांगू का की शेरा जुन्या अर्थाने घेतलाय म्हणून?

आगाऊ : सांगा की. मग पुढचा प्रताप इथेच येऊन लिहा 😄