वेस्टमिन्स्टरने दिलेले वेस्टमिन्स्टर काढून घेऊ शकते

गोदातीर

शरयू यांनी परवा असे लिहिले की, एकत्रित लिखित संविधान नसतानाही ब्रिटनने स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला स्वतःची विधिमंडळे दिली, ती संकेतांच्या, म्हणजे अलिखित राजकीय प्रथांच्या, बळावर सुरक्षित आहेत आणि भारताने मात्र शेकडो कलमे लिहूनही राज्यांना दुबळेच ठेवले. विधिमंडळे दिली हे खरे. ती सुरक्षित आहेत हे मला मुळीच मान्य नाही, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

ही विधिमंडळे देणारे १९९८ चे तिन्ही कायदे वेस्टमिन्स्टरने, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश संसदेने, साध्या बहुमताने केले आणि तितक्याच बहुमताने ते रद्द करता येतात. स्कॉटिश संसद कायमस्वरूपी आहे असे २०१६ च्या कायद्यात लिहिले खरे, पण पुढच्या संसदेला ते वाक्य खोडण्यापासून कोण अडवणार? प्रांतांकडे दिलेल्या विषयांवर त्यांच्या संमतीवाचून वेस्टमिन्स्टर सर्वसाधारणपणे कायदा करणार नाही, हा लॉर्ड स्यूएल यांच्या नावाने ओळखला जाणारा संकेतही त्याच कायद्यात घातला गेला. जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की हा राजकीय संकेत आहे आणि त्याची अंमलबजावणी करणे न्यायालयाचे काम नाही. तीन वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या करारविषयक विधेयकाला तिन्ही विधिमंडळांनी संमती नाकारली, तरी ते संमत झाले. परिस्थिती सर्वसाधारण नाही, एवढे कारण लंडनला पुरले.

शरयू

तुम्ही फक्त २०२० पाहता, मी वेल्सची चाळीस वर्षे पाहते. १९७९ च्या सार्वमतात वेल्समधल्या पाचपैकी चार मतदारांनी स्वतंत्र विधिमंडळ नाकारले. १९९७ मध्ये ५०.३ टक्क्यांनी, अवघ्या ६,७२१ मतांच्या फरकाने, होकार मिळाला. सुरुवातीला त्या सभागृहाला मूळ कायदे करण्याचा अधिकारही नव्हता. २००६ मध्ये थोडा मिळाला, २०११ च्या सार्वमतानंतर पुरेसा मिळाला, २०१७ च्या कायद्याने राखीव विषय वगळता बाकी सारे वेल्सकडे आले आणि २०२० मध्ये ते वेल्सची संसद म्हणून ओळखले जाऊ लागले. दोनतृतीयांश बहुमताची अट असलेले संविधान असते, तर हे रोप १९९७ मध्येच जळून गेले असते.

आणि लिखित संविधानाने राज्यांचे रक्षण होते म्हणता? जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेने राज्याच्या विभाजनाचे विधेयक फेटाळले. तेलंगण तरीही झाले, कारण कलम ३ नुसार राज्याचे फक्त मत मागवायचे असते, संमती नव्हे.

गोदातीर

कलम ३ चा दोष मला मान्य आहे, पण तो लिहिण्याचा दोष नाही, चुकीचे लिहिल्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या बोम्मई निकालानंतर राज्यांतली राष्ट्रपती राजवट न्यायालयात तपासली जाते. २०१६ मध्ये अरुणाचलचे पदच्युत सरकार न्यायालयाने परत आणले, कारण न्यायाधीशांच्या हाती धरायला काही मजकूर होता. याउलट उत्तर आयर्लंडची जुनी संसद पन्नास वर्षे चालल्यावर १९७२ मध्ये लंडनने स्थगित केली आणि ती पुन्हा उभी राहिली नाही. खुद्द लंडनची महानगर परिषद १९८६ मध्ये बरखास्त झाली. त्यांनी दाद कोणाकडे मागायची होती?

लीड्सवासी

तुम्ही दोघेही इंग्लंडचा विचारच करत नाही, याचा मला मनापासून राग येतो. माझ्या पत्नीला दमा आहे. इंग्लंडमध्ये दम्याला औषधशुल्कातून सूट नाही. रोजचा इनहेलर वेगळा, धाप लागल्यावर घ्यायचा निळा वेगळा, आणि प्रत्येकाचे ९.९० पौंड. तिचा भाऊ स्कॉटलंडमध्ये ग्लासगोत राहतो, त्याला तेच इनहेलर फुकट मिळतात. कर मीही भरतो. स्कॉटलंडला किती निधी द्यायचा हे ठरवणारे बार्नेट सूत्र १९७८ मध्ये तात्पुरते म्हणून आणले गेले आणि आजही स्कॉटलंडला दरडोई अधिक पैसा मिळतो. शिवाय स्कॉटिश खासदार इंग्लंडच्या शाळा-रुग्णालयांवर मत देऊ शकतात, आमचे खासदार तिकडच्या विषयांवर नाही. खासदार टॅम डॅलिएल यांनी हा प्रश्न १९७७ मध्ये मांडला. २०१५ मध्ये त्यावर अर्धवट उपाय झाला आणि २०२१ मध्ये तोही रद्द झाला.

क्लाइडकाठ

ग्लासगोत मीही राहतो, आणि 'फुकट' हे ऐकून ऐकून कंटाळलो आहे. वरच्या उत्पन्नावर आम्ही ४२ टक्के कर भरतो, तुम्ही ४० टक्के, आणि आमचा तो टप्पा तुमच्या आधी लागतो. औषधांवर शुल्क नको हे येथील संसदेने ठरवले, त्यासाठी पैसा दुसरीकडून वळवला, आणि ते आवडले नाही तर आम्ही तिला मतपेटीतून जाब विचारू. लंडनने कोणतीही खिरापत वाटलेली नाही. तुमच्या पत्नीसाठी औषधशुल्काचे वार्षिक प्रमाणपत्र घ्या, म्हणजे ठरावीक रक्कम भरून वर्षभराची औषधे मिळतात, दोन इनहेलरांना ते परवडेल. पण आमच्या हक्काला भीक म्हणू नका.

लीड्सवासी

प्रमाणपत्र घेतलेले आहे, सल्ल्याची गरज नव्हती. कराचा मुद्दा मान्य, तोही नाइलाजाने. तुम्हाला जाब विचारायला संसद तरी आहे, हेच माझे म्हणणे आहे.

तायफीतीर

मी वेल्समध्ये राहते, आणि हा वाद इनहेलरवर अडकावा याचे मला दुःख होते. आबरिस्टविथच्या दक्षिणेला रस्त्याच्या कडेला एक पडकी भिंत आहे. तिच्यावर लाल रंगावर पांढऱ्या अक्षरांत 'त्रेवेरिन विसरू नका' असे वेल्श भाषेत लिहिले आहे. लिव्हरपूलला पाणी हवे होते, म्हणून १९५७ मध्ये वेस्टमिन्स्टरने कायदा करून स्थानिक परवानगीची गरजच बाजूला सारली. वेल्सच्या खासदारांचा जवळजवळ एकमुखी विरोध होता. १९६५ मध्ये त्रेवेरिन खोऱ्यातले कापेल केलिन हे गाव शाळा, टपाल कार्यालय आणि प्रार्थनाघरासह पाण्याखाली गेले. लिव्हरपूलने माफी मागितली ती २००५ मध्ये. माझ्या आजोळची शेती कोयनेच्या पाण्यात गेली आहे, त्यामुळे त्या भिंतीजवळून जाताना मला कोणी काही समजावून सांगावे लागत नाही.

शरयू

कोयनेचा उल्लेख तुम्हीच केलात, ताई. ते धरण लिखित संविधान असलेल्या देशात झाले, राज्य सरकार मुंबईतच होते, आणि पुनर्वसनासाठी माणसे अजून झगडत आहेत.

तायफीतीर

झगडत आहेत, पण कोणाच्या दारात जायचे ते त्यांना ठाऊक आहे. कापेल केलिनचे लोक लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून मोर्चा घेऊन गेले, कारण निर्णय घेणाऱ्या महापालिकेला त्यांच्या मतांची गरजच नव्हती.

शरयू

हा फरक मी नाकारत नाही. २०२० नंतर स्यूएल संकेत पूर्वीसारखा भक्कम राहिला नाही, इतकेही मान्य करते. पण गोदातीर, तुमच्या लिखित संघराज्याचा आराखडा तरी सांगा. ब्रिटनची सुमारे ८४ टक्के लोकसंख्या एकट्या इंग्लंडमध्ये आहे. एकच घटक एवढा मोठा असेल, तर वरच्या सभागृहात कोणाला किती जागा देणार?

गोदातीर

इंग्लंडचे प्रांत पाडल्याशिवाय ते जमणार नाही आणि २००४ मध्ये ईशान्य इंग्लंडने प्रांतिक सभा ७८ टक्के मतांनी नाकारली, हे मला माहीत आहे. वेल्ससारखी टप्प्याटप्प्याने झालेली वाढ लिखित चौकटीत अवघड झाली असती, हेही मी मान्य करतो. म्हणून आज माझी मागणी एवढीच आहे की, त्या संकेतातला 'सर्वसाधारणपणे' काढावा, संमतीची अट न्यायालयात टिकेल अशी करावी आणि ती बदलायची झाल्यास संबंधित विधिमंडळाचा होकार बंधनकारक असावा.

लीड्सवासी

आणि ईशान्येने नाही म्हटले म्हणून आमच्या यॉर्कशरला कोणी विचारणारच नाही का?