सल्ला हवा: पहाटे बाइकवर सातारा ते महाबळेश्वर, गरम होणारं जाकीट घरी बनवता येईल का?

मेढारोड
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात राहतो आणि महाबळेश्वरला एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे. नाश्त्याची पाळी माझी, त्यामुळे पहाटे साडेचारला घर सोडतो. रस्ता मेढा आणि केळघर घाटाचा. डिसेंबर-जानेवारीत कण्हेर धरणाच्या बाजूनं जाताना छातीत थंडी भरते ती वर पोचेपर्यंत उतरत नाही. घाटात बोटं इतकी बधिर होतात की क्लच किती दाबला गेला तेच कळत नाही, आणि मला भीती वाटते ती याचीच. स्वेटर, जर्किन, कानटोपी सगळं घालून झालंय.

गाडी १२५ सीसी. परदेशी बनावटीची हीटेड जाकिटं परवडत नाहीत. गाडीच्या बॅटरीवर चालणारं काही घरी करता येईल का? की पॉवर बँक बरी? शॉक बसण्याचा धोका असतो का? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

वायरिंगवाला, कराड
करता येतं, आणि चांगलं होतं. मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. अशा गरम होणाऱ्या बंड्या बनवून दिल्यात.

शॉकची भीती सोडा, १२ व्होल्टनं शॉक बसत नाही. धोका आहे तो शॉर्ट होऊन तार तापण्याचा आणि कातडी भाजण्याचा. त्यामुळे फ्यूज नसेल तर हे काम करूच नका.

तार घ्यायच्या आधी गाडी किती वीज देऊ शकते ते बघा. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाइट कायम चालू असतो, म्हणजे तेवढे वॅट आधीच गेले. लहान गाडीची बॅटरी ४-५ अँपियर-अवरची असते. ३५ वॅटचं जाकीट जवळपास ३ अँपियर ओढतं. चार्जिंग पुरलं नाही, तर बॅटरी तासा-दीड तासात बसेल आणि दुपारी परत निघताना सेल्फ लागणार नाही.

तपासायला सोपी युक्ती आहे. हेडलाइटचा ३५ वॅटचा जुना बल्ब होल्डरमध्ये बसवा आणि फ्यूज लावून बॅटरीला जोडा. काच फार तापते, हात लावू नका. गाडी उभ्या जागी, मोकळ्या हवेत चालू करा, रोजच्या चालीइतकं इंजिन फिरवा आणि वीसेक मिनिटं बॅटरीवर मल्टिमीटर धरा. १३.२ व्होल्टच्या वर टिकलं तर गाडी भार पेलते. आयडलवर किती उतरतं तेही लिहून ठेवा.

आता तार. टेफ्लॉनच्या आवरणाची, बारीक पदरांची तांब्याची तार घ्या. पीव्हीसीची नको, तापली की मऊ पडते. पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल, ऑनलाइनही मिळते. ३० एडब्ल्यूजीची (हे तारेच्या जाडीचं अमेरिकन माप) तार मीटरला साधारण ०.३४ ओहम भरते. १५ मीटर म्हणजे ५ ओहमच्या आसपास, आणि १३.४ व्होल्टवर तिच्यातून ३५ वॅट मिळतात. आपल्याकडे दुकानदार गेज म्हणाला की बऱ्याचदा एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश माप सांगतो. ३० एसडब्ल्यूजी जाड असते, तिचा रोध कमी, म्हणून करंट जास्त. आकड्यावर विसंबू नका, कापलेली तार मल्टिमीटरनं मोजाच. आणि जास्त ऊब हवी म्हणून तार वाढवू नका, तार वाढली की वॅट कमी होतात.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत ५ अँपियरचा फ्यूज, पुढे इग्निशनवर चालणारा रिले (विजेनं चालू-बंद होणारा स्विच), म्हणजे चावी काढली की जाकीट बंद. रिलेपासून जाकिटापर्यंत १ चौरस मिलीमीटरची ऑटो वायर. जोड असा हवा की तुम्ही पडलात किंवा विसरून उतरलात तर ओढ बसताच आपोआप सुटेल. सुटल्यावर गाडीकडच्या तोंडाचं धातू उघडं राहता कामा नये. ऊब कमी-जास्त करायला १२ व्होल्टचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावा आणि छातीवरच्या तारेला चिकटून ४५ अंशांचा थर्मल स्विच मालिकेत टाका. तेवढी जागा जास्त तापली तर तो तोडतो. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

पॉवर बँकवर चालणारी बंडी ५ व्होल्ट २ अँपियरची, म्हणजे १० वॅट. १०,००० एमएएचमध्ये ३७ वॅट-अवर असतात, ती तीनेक तास चालते. तुमचा प्रवास त्यात बसतो, फक्त ऊब बेताची. बँक मात्र बाहेरच्या खिशात ठेवा, तापणाऱ्या भागाखाली नको.

दूधफेरी, कोरेगाव
वायरिंगवाले दादा बरोबर सांगताहेत, पण मी म्हणतो आधी वारा अडवा. १० अंशात ताशी ६० किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला ५ अंशांसारखा लागतो. आत कितीही ऊब केली आणि वारा आरपार जात असला, तर ती बाहेरच जाणार. आम्ही दूध गोळा करणारे हँडलला रेक्झिनचे हातमोजे-पिशव्या लावतो, सीट कव्हर शिवणारा हौसेनं शिवून देतो. आतून जुन्या घोंगडीचा तुकडा लावा. पिशवी लिव्हरला अडकत नाही ना, ते मात्र दिवसाउजेडी गाडी चालवून बघा. जर्किनच्या चेनमागे छातीवर आडवा पट्टा हवा. चेनमधूनच सगळ्यात जास्त वारा शिरतो.

मेढारोड
दादा, हात पिशव्यांत गेले आणि तार फक्त बंडीत घातली, तर बोटांना काही फायदा होईल का? हातमोज्यांतही तार घालावी असं मनात होतं.

वायरिंगवाला, कराड
हातमोज्यात घरची तार नको. बोट दिवसभरात हजारदा वाकतं, तार तिथंच तुटते, आणि तुटक्या पदरावर एका ठिकाणी उष्णता साचते. बंडीच करा. धड गार पडलं की शरीर हातापायांचं रक्त आवरून आत ठेवतं, म्हणून बोटं आधी बधिर होतात. छाती-पाठ उबदार राहिली की रक्त बोटांपर्यंत जातं.

शिवणताई, वाई
शिवण्याबद्दल मी सांगते. जुना स्वेटर नको, ताणला की तारेवर ओढ येते. न ताणणाऱ्या सुती कापडाची बिनबाह्यांची बंडी शिवा, अंगाला नीट बसेल अशी. एका थरावर खडूनं अडीच सेंटिमीटर अंतरानं नागमोडी रेघा काढा. तार ठेवून वरून सुती पट्टी टाका आणि गोधडीला घालतो तसा धावदोरा पट्टीच्या दोन्ही कडांनी हातानं घाला. मशीनची सुई तारेत गेली तर आवरण फुटतं. वळणावर तार मोडू देऊ नका, गोलाईनं फिरवा. काखेत, पोटाच्या घडीवर आणि सॅकचा पट्टा बसतो तिथं तार नको. छाती, पाठीचा वरचा भाग आणि मानेचा मणका एवढंच भरा, मानेला ऊब लागली की फार बरं वाटतं.

तार बाहेर येते तिथं कातड्याचा तुकडा लावून टाके घाला, म्हणजे ओढ टाक्यांवर येईल, जोडावर नाही. आतला सुती शर्ट अंगाला, त्यावर बंडी, त्यावर स्वेटर आणि बाहेरून वारा अडवणारं जर्किन. बंडी थेट कातडीवर कधीही घालायची नाही.

मेढारोड
मंडळी, मनापासून आभार. बल्ब लावून तपासलं. चालीवर १३.३ टिकतं, आयडलवर १२.६ होतं. तार अजून घेतलेली नाही. अजून एक विचारायचं होतं. कामावरचे एक काका मेढ्याहून मागे बसतात. त्यांना शुगर आहे आणि पायांना मुंग्या येतात. त्यांच्यासाठीही एक करू का?

वायरिंगवाला, कराड
काकांना तारेची बंडी देऊ नका. ४४ अंशांची वस्तू काही तास अंगाला लागून राहिली तरी कातडी भाजते, आणि संवेदना कमी झालेल्या माणसाला ते कळत नाही. त्यांना घोंगडीची बंडी आणि वर रेनकोट द्या, तुमच्या पाठीमागे त्यांना वाराही कमी लागतो.

तुमचा १३.३ काठावरचा आहे. ३५ वॅट नको, २५ वर या. त्यासाठी ३२ एडब्ल्यूजीची साधारण १३ मीटर तार घ्या, रोध ७ ओहमच्या आसपास यायला हवा. रिले, फ्यूज तेच ठेवा. मेढ्यात काकांची वाट बघत गाडी आयडलला उभी असेल तेव्हा कंट्रोलर बंद करा. आणि पहिल्यांदा घालाल ते घरी, जागेपणी, अर्धा तास, बंडी बॅटरीला जोडून. हाताच्या पंज्यानं जागोजाग चाचपा. एखादी जागा बाकीपेक्षा गरम लागली तर तिथलं वळण उसवून तार पुन्हा घाला, मगच गाडीवर बसा.