मदत हवी आहे: मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला कार्यानुभवासाठी कंपनी कशी मिळेल?

तिसरी_पाळी
शेवटच्या सत्रात कार्यानुभवाचे (इंटर्नशिपचे) प्रमाणपत्र जोडल्याशिवाय निकाल लागणार नाही, असे अभ्यासकेंद्राने कळवले आहे. वाळूजच्या एका कंपनीने तोंडी होकार दिला. परंतु तिच्या अर्जात ट्रेनिंग अँड प्लेसमेंट अधिकाऱ्याची सही, शिक्का आणि विद्यापीठाशी झालेल्या सामंजस्य कराराचा क्रमांक मागितला आहे. आमच्या केंद्रात असा अधिकारीच नाही. मुदत महिनाअखेरची आहे. कृपया मार्ग सुचवावा.

सूर्यफूल
अभ्यासक्रम कोणता, वय किती, सध्या नोकरी करता का, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

जुना_शिकाऊ
सरळ नॅट्सच्या, म्हणजे केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी योजनेच्या, पोर्टलवर नोंदणी करावी. किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलत असल्यामुळे कंपन्या सहसा नाही म्हणत नाहीत. माझे तेथूनच मार्गी लागले.

सूर्यफूल
अभ्यासक्रमातच शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत नसेल, तर ती वाट पदवी हाती आल्यानंतरची. येथे पदवीच अडली आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत दूरशिक्षणाचे विद्यार्थी चालतात, पण सुरुवातीच्या नियमांनुसार वय 21 ते 24 हवे होते आणि पूर्णवेळ नोकरी नसावी, म्हणून तर विचारले.

मुक्तछंद
दूरशिक्षणाची पदवी स्पर्धा परीक्षांना चालत नाही, ही भीती काढून टाकावी. मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

तिसरी_पाळी
तो प्रश्न मी विचारलेलाच नाही. बी.कॉम., वय 27. हार्डवेअरच्या दुकानात पूर्णवेळ हिशेब पाहतो.

पिलानीकर
मग कंपनी शोधताच कशाला? बिट्स पिलानी हे विद्यापीठ 1979 पासून नोकरदारांना त्यांच्या कामाच्या जागीच शिकवत आले आहे, आणि मार्गदर्शकही तेथलाच असतो.

जुना_शिकाऊ
तेथे मालकाची संमती प्रवेशाच्या वेळीच घेतात; येथे विद्यापीठाला शेवटच्या सत्रात आठवण होते. तुलनाच चुकीची आहे.

सूर्यफूल
तुलना राहू द्या, कामाच्या जागीच शिकण्याचा मुद्दा उपयोगाचा आहे. जीएसटीची विवरणपत्रे, बँक ताळमेळ आणि उधारीची वसुली हे काम बी.कॉम.च्या कार्यानुभवात बसण्याजोगे आहे. मालकांचे संमतिपत्र आणि कामाचा आराखडा जोडून अभ्यासकेंद्राऐवजी विद्यापीठाच्या विभागीय केंद्राकडे लेखी परवानगी मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी. तोंडी उत्तरावर विसंबू नये.

तिसरी_पाळी
मालक सही देतील, पण त्यांचे शिक्षण दहावीपर्यंतच झाले आहे. मार्गदर्शक पदवीधरच हवा अशी अट निघाल्यास, दुकानाचे लेखापरीक्षण करणारे सीए मार्गदर्शक म्हणून चालतील का?